सवलतीच्या मागे धावूनही बिल का फुगतं?

पत्र : ताई, घरातलं वाणसामान आणायचं काम माझ्याकडे आहे. आम्ही पाच जण : मी, बायको, दोन मुलं आणि माझी आई. नोकरी आम्ही दोघंही करतो, स्वयंपाक मुख्यतः बायको बघते. गेलं वर्षभर मी फार मन लावून खरेदी करतोय. एका मोठ्या दुकानाचं वार्षिक सभासदत्व घेतलंय. दर शनिवारी कुठे काय सवलत आहे ते बघून जातो, मोठे पॅक आणतो. तरी महिन्याचा आकडा वाढतोच आहे. ऑफिसातला एक सहकारी म्हणतो, त्याच्याकडे आमच्या निम्म्यात भागतं. घरी यावरून रोज कुरबुर. बायको म्हणते मी नको ते आणतो. मी म्हणतो ती कामावरून येता-येता जास्तीचं घेऊन येते. परवा आईने फळं नको म्हटलं. ‘हल्ली आवडत नाहीत’ म्हणाली. ते खरं नाही हे मला कळतं. दीड महिन्याची सगळी बिलं सोबत पाठवतोय. नेमकं काय बंद करू? फळं, मुलांचा खाऊ की सभासदत्व? ते पुढच्या महिन्यात नव्याने भरायचंय.

उत्तर : आधी फळांचं सांगते, कारण पत्रातलं तेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. फळं बंद करायची नाहीत. आईंनी ‘नको’ म्हटलं ते घरातली कुरबुर ऐकून. खर्चाची चर्चा सुरू झाली की घरात जे माणूस सगळ्यात कमी बोलतं ते आधी आपला वाटा कमी करतं, आणि पुष्कळदा त्याच माणसाला त्या खाण्याची जास्त गरज असते. आजच त्यांना सांगा की कुणाच्या ताटातलं कमी करायचं नाहीये, खर्च दुसऱ्या वाटांनी कमी करायचाय. सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे त्यांना परत नाटक करावं लागणार नाही. फळं कुठली आणायची एवढंच बदला. ज्या हंगामात जे भरपूर येतं ते स्वस्तही असतं आणि चवीलाही चांगलं असतं. हंगामाबाहेरचं, लांबून आलेलं, चकचकीत खोक्यातलं फळ त्याच पैशात निम्मं येतं.

आता बिलं. ती मी तारखेप्रमाणे लावली आणि एकेका वस्तूखाली रेघा मारत गेले. भाव वाढलेत यात शंका नाही, आणि त्याचा दोष तुम्ही स्वतःकडे किंवा वहिनींकडे घेऊ नका. पण तुमच्या कागदांत भाववाढीपेक्षा मोठी एक गोष्ट दिसते. दीड महिन्यात तेल चार वेळा आलंय. दोनदा शनिवारच्या बिलावर मोठा डबा, दोनदा संध्याकाळच्या छोट्या बिलावर एक लिटरची पिशवी. साखर तीनदा. टोमॅटो सॉसच्या तीन बाटल्या. कपडे धुण्याचं लिक्विड दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं, आठ दिवसांच्या अंतराने. आणि संध्याकाळच्या छोट्या बिलांची बेरीज केली तर ती शनिवारच्या मोठ्या बिलांच्या निम्म्याहून जास्त भरते.

घरात तेलाचा मोठा डबा असताना वहिनींनी पिशवी का आणली असेल? एक तर डबा आलाय हे त्यांना माहीत नव्हतं, नाहीतर तो अशा कोपऱ्यात ठेवला होता की संध्याकाळी घाईत ओढून काढून, फोडून बाटलीत ओतणं त्यांना शक्य नव्हतं. दोन्हींत त्यांची चूक नाही. तुमचीही नाही. तुमच्या घरात खरेदी करणारी माणसं दोन आहेत, कपाट एक आहे आणि दोघांना मिळून अशी एक यादी नाही. तुम्ही आणता ते त्यांना ठाऊक नसतं, त्यांना काय लागणार ते तुम्हाला ठाऊक नसतं. तुम्ही विचारलंत, नेमकं काय बंद करू. तर जे घरात आहे ते पुन्हा आणणं बंद करा. त्यानेच तुमच्या बिलात सगळ्यात मोठा फरक पडेल, कुठल्याही सवलतीपेक्षा मोठा.

त्यासाठी या शनिवारी दुकानात जाऊ नका. त्याऐवजी दोघांनी मिळून कपाटं रिकामी करा. सगळं टेबलावर किंवा जमिनीवर मांडा : फोडलेले पुडे, न फोडलेले पुडे, मागे सरकलेल्या बरण्या, फ्रीजरच्या तळाशी गोठलेल्या पिशव्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. दोन तास जातील, जाऊ द्या. या दोन तासांत कुणी कुणाला ‘हे कशाला आणलं होतं?’ असं विचारायचं नाही, एवढा एक करार करा. परत ठेवताना एका जातीचं सगळं एका जागी ठेवा आणि जुनं पुढे, नवं मागे. दुकानदार फळीवर माल लावतो तसंच. मोठे डबे आणि पोती खालच्या अडचणीच्या जागी ठेवली तरी चालेल, पण त्यातलं आठवड्याचं सामान हाताशी असलेल्या बरणीत काढून ठेवा. सगळं झालं की यादी वाचा. पाच माणसांच्या घरात किती दिवसांचं जेवण आधीच पडून आहे ते बघून तुम्ही चकित व्हाल. पहिला आठवडा त्यातूनच काढा आणि बाहेरून फक्त ताजं आणा.

मग एक कागद फ्रीजच्या दारावर, किंवा दोघांच्या फोनवर एकच सामायिक यादी. कागदच बरा, कारण आई आणि मुलंही त्यावर लिहू शकतात. नियम साधा ठेवा : जो शेवटचा पुडा फोडेल त्याने लिहायचं. संपल्यावर लिहायचं नाही, शेवटचा फोडताना लिहायचं. म्हणजे वस्तू संपून अडायच्या आधी यादीत येते आणि संध्याकाळची धावपळीची फेरी टळते. यादीत नाही ते कुणीच आणायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही. सवलत असली तरी नाही.

दुसरी एक सवय सांगते. ती फार छोटी आहे, पण मला तिचं मोल फार वाटतं. तेलाची पिशवी, साखरेचा पुडा, चहाचं पाकीट, लिक्विडची बाटली, जे काही फोडाल त्यावर पेनाने तारीख घाला. संपलं की ती तारीख बघा आणि किती दिवस पुरलं ते कागदाच्या मागच्या बाजूला लिहा. दोन महिन्यांत तुम्हाला कळेल की तुमच्या घरात साखर महिन्याला किती लागते, तेल किती. बहुतेक घरांत हे कुणालाच माहीत नसतं. आपण अंदाजाने आणतो, आणि मनात संपण्याची भीती असल्याने तो अंदाज नेहमी वरचाच असतो. खप कळला की मोठा पॅक घ्यायचा की छोटा, सवलतीत किती घेऊन ठेवायचं, हे प्रश्न वादाचे राहत नाहीत. सॉसची एक बाटली दोन महिने पुरते असं कागदावर दिसलं की ‘तीन घ्या’ या पाटीपुढे तुमचा हात आपोआप थांबेल.

यादी वस्तूंची करण्याआधी जेवणांची करा. रविवारी वहिनींबरोबर बसा आणि येत्या आठवड्यात रात्री काय-काय होणार ते ढोबळ ठरवा. सातही रात्री ठरवू नका, पाच पुरेत. उरलेल्या दोन रात्री शिळं संपवायला आणि अचानक बदललेल्या बेताला मोकळ्या ठेवा. सातही दिवस आखले की एका दिवशी बेत बदलतो आणि त्या दिवशीची भाजी कुजते. आधी आखताना घरात काय आहे ते बघायचं, मग काय आणायचं ते. आणि इथे शेवटचा शब्द वहिनींचा असू द्या. खरेदी तुम्ही चांगली करता, पण आणलेलं शिजवायचं त्यांना असतं. थकून आल्यावर जी भाजी निवडायला अर्धा तास लागतो ती कितीही स्वस्तात आणलीत तरी मंगळवारी शिजणार नाही. तशा दिवसांसाठी निवडलेली, चिरलेली किंवा गोठवलेली भाजी थोडी महाग पडली तरी घ्या. ती पोटात जाते. त्या रात्री बाहेरून मागवलेल्या जेवणापेक्षा ती कितीतरी स्वस्त आहे.

दुकानातल्या फेऱ्यांबद्दल थोडं बोलायला हवं. पूर्वी गिऱ्हाईक काउंटरपाशी उभं राहून यादी सांगायचं आणि दुकानदार मागच्या फळीवरून एकेक वस्तू काढून द्यायचा. १९१६ साली अमेरिकेत मेंफिस इथे क्लॅरेन्स सॉन्डर्सने ‘पिगली विगली’ नावाचं दुकान काढलं, त्यात गिऱ्हाइकाने स्वतः फळ्यांमधून फिरून वस्तू उचलायच्या होत्या. आज आपण ज्याला सुपरमार्केट म्हणतो त्याची ही सुरुवात. माणूस यादी वाचून दाखवतो तेव्हा यादीतलंच घेतो. फिरतो तेव्हा दिसेल ते घेतो. पुढे १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने चाकांची ढकलगाडी आणली, कारण त्याच्या लक्षात आलं होतं की हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात. ही गोष्ट तुम्ही उलटी वापरा. आठवड्याची मोठी खरेदी ट्रॉली घेऊन करा, पण मधल्या दिवशी दूध-भाजीसाठी गेलात तर हातात टोपलीच घ्या. खरं तर टोपलीही नको, घरून आणलेली एक पिशवी पुरे. बऱ्याच दुकानांत दूध आणि अंडी सगळ्यात मागे ठेवलेली असतात, म्हणजे तिथवर जाताना तुम्ही सगळं दुकान बघता. डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीवर दुकानाला जे जास्त खपायला हवंय ते असतं. त्याच वस्तूचा स्वस्त पुडा खाली वाकलं की सापडतो. भुकेल्या पोटी जाऊ नका आणि मुलांना प्रत्येक फेरीला नेऊ नका, हे तुम्हाला ठाऊकच असेल.

संध्याकाळच्या छोट्या फेऱ्या पूर्ण बंद होणार नाहीत, पण त्यांचे दिवस ठरवून घ्या. आठवड्यात मोठी फेरी एक आणि ताज्यासाठी एक. वहिनींना वाटेत थांबावं लागतं ते हौसेने नव्हे, रात्री काय करायचं ते ठरलेलं नसतं म्हणून. बेत ठरला की ते थांबणंही कमी होईल. त्यांच्याशी भांडून ते कमी होणार नाही.

आता सवलतींकडे येते, कारण तुमचा सगळा जीव तिथे आहे. स्वस्त घेणं आणि कमी खर्च करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, पाच किलोचा पॅक किलोमागे दहा टक्के स्वस्त पडतो. त्यातलं अर्धा किलो जरी कीड लागून किंवा वास येऊन फेकावं लागलं, तरी सगळी बचत संपली : तुम्ही साडेचार किलोचे पैसे दिलेत आणि साडेचारच किलो वापरलंत. अर्ध्या किलोहून जास्त गेलं तर छोट्या पॅकपेक्षा तो महागात पडला. म्हणून मोठा पॅक फक्त तिथेच घ्या जिथे वस्तू टिकते आणि तुम्हाला तिचा खप माहीत आहे. मीठ, साखर, पांढरा तांदूळ, साबण, टिश्यू या घट्ट झाकून कोरड्या जागी ठेवल्या की महिनोन् महिने काही होत नाही अशा गोष्टी. सुकामेवा, कोंड्यासकट दळलेलं पीठ, दळलेले मसाले, तेल ही मंडळी वेगळी. सुक्यामेव्यात आणि कोंड्याच्या पिठात स्निग्धांश असतो, तो हवा लागून खवट होतो. मसाल्याचा वास उडून जातो. तेलाचा डबा एकदा फोडला की त्याचंही घड्याळ सुरू होतं. हे थोडं-थोडंच आणा, किलोमागे थोडे जास्त गेले तरी.

पाट्यांवरचं गणितही एकदा नीट करून ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी डोकं लावावं लागणार नाही. ‘एकावर एक मोफत’ म्हणजे निम्मा भाव, पण दोन्ही लागत असतील तरच. ‘दुसऱ्यावर अर्धी सूट’ म्हणजे एकूण पंचवीस टक्केच. ‘तीनच्या किमतीत चार’ हेही पंचवीसच. ‘२५ टक्के जादा मोफत’ असं पुड्यावर लिहिलेलं असतं तेव्हा प्रत्यक्षात सूट वीस टक्के पडते. आणि या सगळ्यांच्या आधी बघायचा तो किलोमागचा किंवा लिटरमागचा दर. युरोपीय संघाने १९९८ मध्ये केलेल्या नियमानुसार तिथल्या दुकानांना साधारणपणे पॅकच्या किमतीबरोबर हा दर लिहावा लागतो, इतरही अनेक ठिकाणी तो फळीवरच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात असतो. नसेल तर फोनवर किंमत भागिले वजन करा, दहा सेकंदांचं काम. तुमच्याच बिलात बिस्किटांचा ‘फॅमिली पॅक’ ग्रॅममागे छोट्या पुड्यांपेक्षा महाग पडलाय, पाचव्या बिलावर बघा. मोठं म्हणजे स्वस्त असं दर वेळी नसतं. डबाबंद वस्तूंच्या बाबतीत डब्याचं एकूण वजन बघू नका, पाणी किंवा पाक निथळल्यावर उरतं ते वजन बघा. तेही डब्यावर छापलेलं असतं.

किंमत तीच ठेवून पुड्यातला माल कमी करण्याचा प्रकारही आहे, आणि तो मला फार अप्रामाणिक वाटतो. पाचशे ग्रॅमचा पुडा त्याच किमतीत साडेचारशेचा झाला तर भाव अकरा टक्क्यांनी वाढला, पण बिलावरचा आकडा हलत नाही. मग महिना संपायच्या आत पुडा संपतो आणि दोष खाणाऱ्यांवर येतो. फ्रान्समध्ये जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना अशा वस्तूंपाशी तशी सूचना लावावी लागते. सगळीकडे असा नियम नाही, त्यामुळे नेहमीच्या आठ-दहा वस्तूंचं वजन तुम्हीच कागदावर टिपून ठेवा आणि अधूनमधून पडताळा. दुकानाच्या स्वतःच्या नावाचा माल एकदा वापरून बघा. साखर, मीठ, मैदा, भांडी घासायचं लिक्विड अशा गोष्टींत पुष्कळदा फरक फक्त वेष्टनाचा असतो. एखादी वस्तू घरी कुणालाच आवडली नाही तर तिथे जुनीच कंपनी ठेवा, हट्ट नको. आणि कपडे धुण्याचं लिक्विड झाकणावरच्या खुणेपर्यंतच ओतता का तेही बघा. ‘थोडं जास्त घातलं की स्वच्छ निघतात’ या समजापायी महिन्याची बाटली तीन आठवड्यांत संपते.

आता फेकलं जातं त्याबद्दल. हे कुठल्याच बिलावर दिसत नाही, म्हणून हिशेबातही येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये अन्नाच्या नासाडीचा जो अहवाल दिला त्यात २०२२ या एका वर्षात जगभरात दुकानं, खानावळी आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न फेकलं गेलं असा अंदाज आहे, आणि त्यातलं सुमारे साठ टक्के घरांतून. माणशी वर्षाला ७९ किलो. यात सालं, हाडं असं न खाण्याजोगंही धरलंय, तरी आकडा लहान नाही. तुमच्या घरात किती जातं ते कळायला एकच करा : महिनाभर जे खाण्याजोगं असून फेकावं लागलं ते फ्रीजवरच्या कागदाच्या तळाशी लिहा. फक्त वस्तू आणि कारण. कोथिंबीर, कुजली. पाव, बुरशी. भात, जास्त झाला. महिन्याच्या शेवटी तीच-तीच तीन-चार नावं परत दिसतील. ती कमी आणा, किंवा त्यांची जागा बदला.

जागेने फार फरक पडतो. सफरचंद, पिकलेली केळी, पिकलेले टोमॅटो यांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि त्याच्या शेजारी ठेवलेल्या पालेभाज्या, काकड्या लवकर पिवळ्या पडतात. ही फळं वेगळ्या टोपलीत ठेवा. कांदे आणि बटाटे दोन्हींना अंधारी, हवेशीर जागा लागते, पण एकमेकांपासून लांब; एकत्र ठेवले की बटाट्यांना लवकर कोंब येतात. पालेभाजी ओली ठेवू नका, कोरड्या फडक्यात किंवा कागदात गुंडाळली की जास्त टिकते. फ्रीजचं तापमान पाच अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका, फ्रीजर उणे अठरावर. आणि फ्रीजचा एक कप्पा, डोळ्यांसमोरचा, ‘आधी हे संपवा’ म्हणून राखून ठेवा. मुलांनाही कळतं, भूक लागली की आधी तिथे बघायचं.

तारखांच्या बाबतीत दोन प्रकार असतात, आणि ते एकच समजून बरंच चांगलं अन्न फेकलं जातं. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची तारीख आहे. त्यानंतर चव, कुरकुरीतपणा थोडा कमी होईल, पण कोरडी, नीट ठेवलेली, न फोडलेली वस्तू वास-रंग बघून वापरता येते. ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख, ती मांस, मासे, ताजं दुग्धजन्य अशा वस्तूंवर असते आणि ती उलटली की फेकायचंच, वास चांगला येत असला तरी. इथे काटकसर नको. शिजवलेलं अन्नही, विशेषतः भात, बाहेर तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी संपवणं म्हणजे बचत नव्हे. दोन तासांच्या आत थंड करून फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. घरात वयस्कर आई आणि मुलं आहेत. एक आजारपण वर्षाची बचत घेऊन जातं.

ॲपवरून मागवता त्याचीही चार बिलं मला दिसली. चारही बिलांचा आकडा मोफत डिलिव्हरीच्या मर्यादेच्या किंचित वर आहे. म्हणजे डिलिव्हरीचे पैसे वाचवायला त्याहून जास्त किमतीचं काहीतरी भरलंय. पुढच्या वेळी कार्ट भरून ठेवा आणि मागवू नका. यादीत भर पडत जाईल तशी मर्यादा आपोआप गाठली जाईल. रात्री भरलेलं सकाळी बघितलं की दोन-तीन वस्तू आपणच काढून टाकतो. ॲपचा फायदाही आहे, पैसे देण्याआधी बेरीज समोर दिसते. फक्त नाव टाइप करून वस्तू शोधा, पानं सरकवत बसू नका.

मुलांचा खाऊ बंद करू नका, पण त्याला महिन्याची ठरावीक रक्कम द्या आणि ती संपवायची कशी ते मुलांना ठरवू द्या. मोठी असतील तर दर भागून बघायलाही त्यांनाच सांगा. मुलं हे आपल्याहून चोख करतात.

सहकाऱ्याशी तुलना सोडून द्या. त्याच्या घरी किती जण जेवतात, दुपारचं कोण बाहेर खातं, आजारपणाचं पथ्य कुणाला आहे, यातलं काहीच तुम्हाला माहीत नाही. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवून दिलं होतं की उत्पन्न जितकं कमी तितका खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. दोन घरांचे नुसते आकडे शेजारी ठेवून कुणी उधळं आणि कुणी काटकसरी ठरत नाही. तुमची तुलना तुमच्याच मागच्या महिन्यांशी करा, आणि तीही एका महिन्याची नको. या महिन्यात घरातला साठा संपवाल तेव्हा बिल एकदम खाली येईल, पुढच्या महिन्यात थोडं वर जाईल. दोन-दोन महिन्यांची बेरीज बघा.

वहिनींची बिलं तपासू नका. दोघांचं मिळून एक महिन्याचं पाकीट करा, खरं पाकीट किंवा वेगळं खातं, आणि मोठी खरेदी, ताजं, दोन्ही त्यातूनच जाऊ दे. म्हणजे कुणी किती खर्च केले हा प्रश्न उरत नाही, पाकिटात किती उरले एवढंच दोघंही बघता. पहिल्या महिन्यात रक्कम कमी करू नका, आज जाते तेवढीच ठेवा आणि फक्त लिहा. दुसऱ्या महिन्यापासून थोडी कमी करा. एकदम पंचवीस-तीस टक्के कापायला गेलात तर तिसऱ्या आठवड्यात पाकीट रिकामं होईल आणि पुन्हा कुणीतरी ‘मला नको’ म्हणायला लागेल.

राहिलं सभासदत्व. तुमच्या बिलांवरून त्या दुकानातून दर महिन्याला खरोखर लागणाऱ्या वस्तू मला पाच-सहाच दिसतात : तांदूळ, तेल, साखर, लिक्विड, टिश्यू, चहा. बाकीचं सगळं तिथे होतं म्हणून आलेलं आहे. या पाच-सहांवर बाहेरच्या दरापेक्षा महिन्याला किती वाचतं ते मांडा, बाराने गुणा आणि त्यातून जाण्या-येण्याचा खर्च वजा करा. तो आकडा शुल्काच्या दुप्पट येत असेल तर जरूर भरा. जेमतेम बरोबरी होत असेल तर पुढच्या महिन्यात भरू नका. पैसे भरलेत म्हणून दर शनिवारी तिथे जावंसं वाटतं, आणि गेलं की यादीबाहेरच्या चार वस्तू आल्याच. दोन-तीन महिने त्याशिवाय काढून बघा. तोवर कपाटातला साठाही संपेल आणि तुमच्या घराचा खरा खप कागदावर आलेला असेल. गरज वाटली तर सभासदत्व तेव्हाही घेता येईल.